'बाय'च्या पुढे भिंत

भाच्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "मामा, बाबा गेले," एवढंच उदय म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. समोर महिनाअखेरीची बेरीज अर्धवट पडली होती. ती तशीच ठेवून उठलो. बाहेर आल्यावर आदिलाबादचं ते रोजचं ऊन, बस स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षा, सगळं होतं तसंच होतं. 'गेले'... मनात उगाच आलं, भाऊजींच्या यादीतलं हे पहिलंच क्रियापद. ती यादी काय, ते पुढे सांगतो.

भाऊजी म्हणजे श्रीधरराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात त्यांची नोकरी गेली. वय किती होतं, हे मला नक्की सांगता येत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख होती आणि त्यांच्या आईच्या आठवणीत दुसरी. त्यांच्या आईचा हिशेब एका मोठ्या दुष्काळापासून सुरू व्हायचा, आणि दोन्ही तारखांत अंतर बरंच होतं. मी दाखल्याची धरतो, कारण पेन्शन तिच्यावर चालली. पण दाखला भरणाऱ्या मास्तरांनी ती अंदाजानेच टाकली असणार, हेही इथे लिहून ठेवतो.

मी पोचलो तेव्हा त्यांना अजून खाली घेतलं नव्हतं. खाट पुढच्या खोलीत मधोमध होती, चारही बाजूंनी माणूस फिरेल अशी. ताईच्या नणंदेने दबक्या आवाजात विचारलंही, "खाट अशी मधातच काऊन ठेवली, वहिनी? भिंतीला लावली असती तं लोकाले बसाले जागा झाली असती." ताईने खाट हलवू दिली नाही. आम्हा घरच्यांना माहीत होतं. भाऊजी भिंतीला लागून बसत नसत, निजत नसत आणि कोणाला बसूही देत नसत. शेवटच्या आजारात छातीत पाणी झालं म्हणून त्यांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा त्यांची सगळी तक्रार एकच होती: पलंग भिंतीला लागून आहे. इंजेक्शनांबद्दल अवाक्षर नाही, जेवणाबद्दल नाही. शेवटी डॉक्टरच म्हणाले, घरी न्या.

ते तलमडुगूकडच्या एका खेड्यातले, कापूस-ज्वारीच्या घरातले. घराण्यात पदवी घेणारे पहिले. इंग्रजी त्यांनी कुठे आणि कसं कमावलं कोण जाणे, पण त्यांचं इंग्रजी वाक्य ओळंब्यात असायचं. बोलणं मात्र शेवटपर्यंत गावचंच राहिलं. माझी त्यांची खरी ओळख झाली ती माझी नोकरी लागल्यावर. ऑफिसात मी इंग्रजी टिपणं लिहायला शिकलो होतो आणि त्याचा मला थोडा ताठा होता. एकदा ताईकडे गेलो असताना मी एक टिपण त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि ताईला हाक मारली, "अवो, इकडं या. साळेबुवाच्या ऑफिसात मानसंच नाईत."

"म्हंजे?" ताई म्हणाली.

"हे पाहा ना, मराठीत सांगतो. 'निदर्शनास आले आहे.' 'कार्यवाही करण्यात आली आहे.' 'विलंब झाल्याचे आढळते.' कोनं पाह्यलं, कोनं केलं, कोनं उशीर लावला... पत्ताच नाई. सगळं आपोआप होऊन राह्यलं. मंग पगार कोनाले भेटते?"

ताई पदर तोंडाला लावून हसली. मला राग आला आणि मी टिपण घडी घालून खिशात ठेवलं. इंग्रजीत कर्तरी वाक्यात करणारा पुढे उभा असतो आणि कर्मणीत तो 'बाय' लावून मागे जातो, किंवा पार नाहीसा होतो, एवढं मला शाळेपासून माहीत होतं. कधी काय वापरायचं हा प्रश्न असू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

या प्रश्नावर त्यांनी आयुष्य घालवलं म्हटलं तरी चालेल. त्यांच्या शाळेत मराठी माध्यमाचे वर्ग होते आणि तेलुगूचेही, आणि इंग्रजी दोन्हीकडे तेच शिकवत. ते म्हणायचे, नाव झाकून उत्तरपत्रिका द्या, पोरगं कोणत्या घरचं ते मी सांगतो. तेलुगू घरचं पोर सरळ वाक्य लिहायचं. मराठी घरचं पोर 'रामने आंबा खाल्ला' याचं इंग्रजी करताना हमखास 'बाय राम' असं सुरू करायचं. 'ने' दिसला की 'बाय'. हा घोटाळा आमच्याच पोरांचा. भाऊजी त्यावर चिडत नसत. वर्गात म्हणायचे, "'ने' म्हंजे बाय नाई रे बाबू. 'ने' हे रामाच्या खांद्यावरचं उपरनं हाय. उपरनं घेतलं म्हनून मानूस मागच्या रांगेत जाते काय?" पण एकदा, माझ्याशी बोलताना, ते जरा वेगळं बोलले. म्हणाले, पोरांचंही चूक नाही. आपल्या भाषेत राम आंबा 'खातो', सीता आंबा 'खाते'. करणारा असेल तसं क्रियापद. तेच काम होऊन गेलं की रामाने 'आंबा खाल्ला', रामाने 'भाकर खाल्ली'. आता क्रियापद रामाला विचारतच नाही. "एकदा काम झालं ना साळेबुवा, मंग ते करनाऱ्याचं आयकत नाई." तेव्हा मला ती व्याकरणातली गंमत वाटली होती...

कर्मणीला मात्र ते वाईट म्हणत नसत. करणारा ठाऊक नसेल, किंवा सांगायची गरज नसेल, तर तोच प्रयोग बरोबर, असं त्यांचं म्हणणं. चोर पकडला गेला. कोणत्या शिपायाने पकडला याच्याशी गावाला काय करायचं आहे? आणखी एक जागा ते सांगत, ती पुस्तकात नव्हती. नाव घेऊन एखाद्याला उगाच खाली पाहायला लावायचं नसेल, तर नाव गाळावं. "पन दुसऱ्याचं. आपलं गाळासाठी हे व्याकरन नाई." आणि मग ती यादी: जाणे, येणे, झोपणे, पडणे, मरणे. ही क्रियापदं अकर्मक. यांचं कर्मणी होत नाही. "याच्या वाट्याले जाऊ नोका," पोरांना सांगायचे, "हे जसे हायेत तसेच राह्यतेत."

भिंतीची ती घटना घडली तेव्हा तालुके मोडून मंडल नवे झाले होते आणि भाऊजी तलमडुगूच्याच बाजूला, पण दुसऱ्या एका गावच्या शाळेत होते. गावाचं नाव लिहीत नाही. झड लागून चार-सहा दिवस झाले होते, शाळेचं छत गळत होतं. मग एके दिवशी लख्ख ऊन पडलं. त्या दिवशी वरून तपासणीला कोणी येणार होतं, खोल्या मोकळ्या हव्या होत्या, म्हणून हेडमास्तरांनी नववीचा मराठी वर्ग बाहेर बसवायला सांगितलं. पावसानंतरचं ऊन चटके देणारं असतं. भाऊजींनी मुलांना जुन्या कोठीच्या भिंतीलगत बसवलं. मातीची भिंत, इतके दिवस पाणी प्यालेली. दुसरा तास चालू असताना ती खाली आली. बाकीच्या पोरांना खरचटलं. मुलींच्या रांगेत कडेला बसलेल्या सुनंदाचा पाय मात्र खाली सापडला. भाऊजींनी हातांनी माती उपसून तिला काढलं आणि कोणाच्या तरी जीपमधून आदिलाबादला नेलं. पाय राहिला, पण सरळ राहिला नाही.

बातमी कळल्यावर मी गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्यासमोर घडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेडमास्तर घरी आले. तेलुगू गृहस्थ, निवृत्तीला आलेले, स्वभावाने भले. आमच्याशी हिंदीत बोलत. जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे, म्हणजे डीईओंकडे, पाठवायचा इंग्रजी अहवाल त्यांनी स्वतः तयार करून आणला होता. "मास्टरजी, जरा देख लो," ते म्हणाले. "ग्रामर का मिस्टेक नक्को. और देखो, इसमें किसी का नाम नहीं डाला मैंने. आपका भी नहीं, मेरा भी नहीं."

ताईने चहा आणला होता. ती कप ठेवून दारातच थांबली. भाऊजींनी कागद वाचला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. 'द प्यूपिल्स वेअर सीटेड बाय द वॉल.' मुलांना भिंतीलगत बसवण्यात आलं होतं. इंग्रजी अगदी शुद्ध होतं.

"सर, 'बाय' के आगे दीवार आ गई," भाऊजी म्हणाले.

"तो? बाय मतलब बाजू में."

"हौ, बाजू में. लेकिन मेरे बच्चे पढ़ेंगे तो बोलेंगे, दीवार ने बिठाया."

हेडमास्तर हसले. "रिपोर्ट बच्चे नहीं पढ़ते, मास्टरजी. डीईओ साब पढ़ते."

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी पेन मागितलं. मी माझं दिलं. त्या एका ओळीच्या जागी त्यांनी दोन वाक्यं लिहिली. पहिलं: वर्ग बाहेर पाठवण्यात आला. कोणी पाठवला ते नाही. दुसरं: मी मुलांना भिंतीलगत बसवलं. आय सीटेड द प्यूपिल्स बाय द वॉल. 'बाय'च्या पुढे भिंत होतीच, पण आता वाक्याच्या सुरुवातीला एक माणूस उभा होता. हेडमास्तरांनी पुष्कळ समजावलं. नोकरीवर येईल म्हणाले, घरात लहान मूल आहे म्हणाले. भाऊजींनी मान हलवली नाही. शेवटी हेडमास्तर कागद घेऊन उठले. जाताना त्यांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला. आपलं नाव भाऊजींनी कुठे येऊ दिलं नाही, हे त्यांना कळलं होतं असं मला वाटतं.

ते गेल्यावर ताई आत आली. "ते तं कोनाचंच नाव घेत नव्हते. तुमी काऊन घेतलं?"

"माहं होतं म्हनून."

"अन् बाहेर बसवाचा हुकूम कोनाचा होता? ते नाव कुठं गेलं?"

"त्यायनं सांगतलं. बसवलं तं म्याच."

मी ताईच्या बाजूने बोललो. म्हटलं, भाऊजी, करणारा गाळला म्हणून वाक्य खोटं होत नाही. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या बेरजेतला एक आकडा लिहाचा राह्यला, तं बेरीज खोटी म्हनता का कमी म्हनता?" मी म्हटलं, दोन्ही. "मंग?" ते म्हणाले. ताईला हे ऐकवेना. "तुमचं इंग्रजी साऱ्याले वाचवते," ती म्हणाली, "घरच्याले सोडून." आणि आत जाऊन तिने उगाचच भांडी घासायला घेतली.

मेमो आला, निलंबन आलं, चौकशी झाली. चौकशी करणाऱ्यांना फार शोधावं लागलं नाही, अहवालात एकच नाव होतं. पुढे त्यांना उटनूरच्याही पलीकडे, जंगलातल्या एका शाळेत टाकलं. उदयच्या शाळेसाठी ताई आदिलाबादेतच राहिली. भाऊजी आठवड्याला बसने यायचे, एखादा आठवडा चुकायचाही, कारण पावसाळ्यात ओढा उतरू देत नसे. बढती कधी आली नाही. हेडमास्तर ठरल्या वेळी हार घालून निवृत्त झाले. पुढे ते वारले तेव्हा भाऊजी त्यांच्या मातीला गेले होते. यातल्या कशाबद्दलही भाऊजी कधी बोलले नाहीत. फक्त घरातली खुर्ची भिंतीपासून सुटली. दर वेळी आले की ते पहिल्यांदा ती वेताची खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध आणायचे आणि मग बसायचे. शिकवणीला पोरं आली तर त्यांना अंगणात, उघड्यावर बसवायचे. ऊन असलं तर शिकवणी नाही. सावलीला बसू का, असं एखाद्या पोराने विचारलं तर त्यांचा चेहरा असा व्हायचा की ते पोर पुन्हा विचारत नसे. ते हसायचे, माझी टिपणं वाचून टोमणे मारायचे, पण बोलता बोलता मधेच थांबायचे, जणू मागे काही वाजलं... घरात आम्ही सगळे त्या खुर्चीला वळसा घालून चालायला शिकलो.

दवाखान्यातून त्यांना घरी आणल्यावर सुनंदा आली होती. एक पाय ओढत चालणारी, चाळिशीकडे झुकलेली बाई. आता आदिलाबादेतच एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवते. ती मधूनमधून यायची, हे मला तेव्हा कळलं. ती खाटेजवळ बसली. भिंतीला टेकली नाही, तिलाही ठाऊक होतं.

"सर, माह्या वर्गातले पोरं अजून 'ने' दिसलं का बाय लिहून राह्यले," ती म्हणाली.

भाऊजींच्या ओठांवर थोडं हसू आलं. "उपरन्याचं सांगतलं का?"

"सांगतलं ना. एक पोरगं म्हनते, मॅडम, उपरनं म्हंजे काय?"

ते हसायला गेले आणि खोकला आला. ताईने पाणी दिलं. खोकला थांबल्यावर सुनंदा जरा पुढे सरकून म्हणाली, "सर, मले कोनं नाई पाडलं. भिंत पडली. पडने अकर्मक हाय. त्याचं व्हॉइस बदलत नाई. तुमीच शिकवलं."

ताई दारात उभी होती, तशीच, हेडमास्तरांना चहा आणला त्या दिवसासारखी. इतक्या वर्षांत तिला नवऱ्याकडून एवढंच हवं होतं, त्याने 'भिंत पडली' हे वाक्य एकदा मान्य करावं. मलाही तेच हवं होतं.

"वाक्य बरोबर हाय," भाऊजी म्हणाले.

आणि मग डोळे मिटून, "पन त्याच्या आंधीचं एक वाक्य हाय ना, बाई."

सुनंदा उठली. तिला पोचवायला मी फाटकापर्यंत गेलो. चप्पल घालताना ती म्हणाली, "मामा, सरायनं आमाले भिंतीपाशी काऊन बसवलं होतं? ऊन होतं म्हनून. सावलीत बसवलं होतं. त्या रिपोर्टात हे लिवलं हाय का?"

मी म्हटलं, नाही. त्या अहवालात सावली नव्हती. इतक्या वेळा मी ते वाक्य मनात फिरवलं होतं, कर्ता तपासला होता, क्रियापद तपासलं होतं. त्यातली भिंत काढून तिथे सावली ठेवता येते, हे मला कधी सुचलं नव्हतं. म्हटलं, मग हे त्यांना सांग ना, आता जाऊन सांग.

"सांगतलं मांगच्या खेपेले," ती म्हणाली. "म्हनाले, सावली भिंतीचीच होती."

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

कर्तरी वाक्य खरं आणि कर्मणी लबाड, असं मी त्यांच्याकडून शिकलो असं पूर्वी लोकांना सांगत असे. आता सांगत नाही. 'मी बसवलं' या वाक्यात भाऊजींनी स्वतःला इतकं पुढे उभं केलं की त्यांच्या मागे हेडमास्तरांचा हुकूम, गळकं छत, झड, पावसानंतरचं ऊन, सगळं झाकलं गेलं. करणारा पुढे आला की मागचं दिसत नाही. त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी निवड केली होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत बदलली नाही. ताईला ती पटली नाही. मला पटते की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. बेरीज मांडून पाहतो आणि दर वेळी काहीतरी शिल्लक राहतं.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. पुढच्या खोलीत पानं मांडायची होती, रांग लागत नव्हती. मधोमध ती वेताची खुर्ची. मी ती उचलली आणि भिंतीला लावली. सुनंदा आली होती, तिने ते पाहिलं आणि नजर वळवली. थोड्या वेळाने ताई भाताचं पातेलं घेऊन आली आणि खोलीच्या मधोमध थांबली.

"खुर्ची कोनं सरकवली?"

उदयला तिचा आवाज कळला. तो सांभाळून घेत म्हणाला, "सरकली असंल, आई. गर्दी हाय ना."

खोलीत सगळ्यांचं लक्ष आपापल्या पानाकडे होतं. उदयने मला वाट करून दिली होती आणि ते वाक्यही बरोबर होतं.

"म्या सरकवली, ताई," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. पातेलं खाली ठेवलं, भिंतीजवळ गेली, खुर्ची दोन्ही हातांनी उचलली आणि परत आणून मधोमध ठेवली. पंगत खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी वाकडी बसली. वाढणाऱ्याला प्रत्येक खेपेला तिला वळसा घालावा लागत होता. पण मग तिला कोणी हात लावला नाही.